पंखा बंद होता

आमच्या घरमालकांनी आम्हाला खोली दिली ती एका गाण्याची परीक्षा घेऊन. बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात त्यांचं एकमजली घर होतं. वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या, म्हणून मी आणि नवरा बघायला गेलो. मी सगळी उत्तरं पाठ करून गेले होते. पाहुणे फार येत नाहीत, पाणी जपून वापरतो, मासळी आम्हालाही चालते. मालक लुंगी-बनियनवर ओट्यावर बसले होते. त्यांनी मान वर न करता एकच विचारलं, "'पिवला चिखोल' ऐकलाय?"

शहाडपासून बदलापूरपर्यंत हे गाणं न ऐकलेला माणूस एक तर बहिरा, नाहीतर कालच आलेला. आम्ही कऱ्हाडकडचे, येऊन जेमतेम वर्ष झालेलं, तरी मला ते अख्खं पाठ होतं. इथल्या आगरी लोकांच्या हळदीत ते वाजल्याशिवाय नवरदेवाला हळद लागत नाही. नटूनथटून आलेल्या करवलीच्या हातून हळदीची वाटी सांडते आणि अंगणात पिवळा चिखल होतो, एवढीच त्यातली गोष्ट. "करवली नटली, वाटी सांडली..." आणि इथे गाणं थांबतं. बँजो थांबतो, ढोलकी थांबते, नाचणारे हात वर करून जागच्या जागी उभे राहतात. मग सगळ्या बायका एका दमात ओरडतात, "आगो बय!" आणि गाणं पुन्हा उसळतं. खरं सांगायचं तर त्या थांबण्यासाठीच लोक नाचायला उतरतात.

"ऐकलंय की!" मी म्हणाले, आणि आपलं चांगलं मत व्हावं म्हणून गुणगुणून दाखवलं. 'वाटी सांडली'पाशी थांबले. हातसुद्धा वर केला.

मालकांनी कपाळावर हात मारून घेतला. "हिला पन तोच रोग!" ते घरात तोंड करून ओरडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिथं थांबायचं नसतं, बाय. ती चूक हाय. चूक!"

माझा नवरा घाबरून म्हणाला, "मला गाण्यातलं काही कळत नाही हो." मालकांचा चेहरा उजळला. "असा मानूस सुधारता येतो," असं म्हणून त्यांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. माझ्याकडे मात्र पुढे महिनाभर संशयानेच बघत होते.

मालक अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते, तिथून रिटायर झालेले. यंत्र जरा वेगळं बोललं तरी त्यांना म्हणे लांबून कळायचं. रिटायर झाल्यावर ऐकायला यंत्रं उरली नाहीत, तेव्हा ते आमच्या जिवावर उठले. एका सकाळी मी अंघोळीला बसले होते, तर दारावर थाप. "बाय, तुजा नल बेतालात गलतोय!" आता नळ गळतोय म्हटलं तर समजू शकते. पण बेतालात? मी आतूनच ओरडले, "काका, तालात गळला असता तर चाललं असतं का?" बाहेरून उत्तर आलं, "चाललं असतं." अर्ध्या तासाने पाना घेऊन हजर. नळ बंद नाही केला, नुसता पिळून थेंब एकसारखे पाडून दिले आणि समाधानाने गेले. कपाळ माझं!

माझ्या कुकरच्या शिट्ट्या ते खालून मोजायचे. तिसरी शिट्टी उशिरा झाली तर "रबर बदल" म्हणून निरोप यायचा. गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला त्यांनी इस्त्री आपटायची लय शिकवली होती. तो बिचारा बिहारचा, त्याला वाटायचं महाराष्ट्रात अशीच पद्धत असेल.

पण हे सगळं किरकोळ. त्यांचं खरं दुखणं म्हणजे ते गाणं आणि त्या गाण्यातल्या थांबण्याच्या दोन मात्रा. 'पिवला चिखोल' कोणी कधी कसं वाजवलं, याचा सगळा इतिहास त्यांच्याकडे होता. कॅसेटी, सीड्या आणि पुढे फोन. संध्याकाळी मी उल्हासनगरहून, पाच नंबर कॅम्पातल्या जीन्सच्या कारखान्यातून, दमून यायची. जिन्याची पहिली पायरी चढतेय तोवर हाक. "बाय, बस. आज ब्रासबँडचा ऐक."

अंबरनाथच्या ब्रासबँडने ते कॅसेटवरून उचललं होतं. कॅसेटीत दोन मात्रा थांबतात, म्हणून हेही थांबले. फक्त झांजवाल्याला रिकामं राहवेना, तर त्याने त्या जागेत दोन्ही हात आभाळाला लावायची पद्धत काढली. दोनाच्या तीन मात्रा झाल्या. मग उल्हासनगरच्या एका सिंधी वरातीसाठी कोणीतरी सिंधीत केलं. तिथे 'आगो बय'च्या जागी बायका "साईं!" म्हणायच्या. चार मात्रा. मग भजनी मंडळाने चाल घेतली. करवलीच्या जागी देव आणला, हळदीच्या जागी बुक्का आणि थांबायच्या जागी डोळे मिटून हात जोडणं. "भक्तीत किती मात्रा गेल्या ते देवालाच म्हाईत," मालक म्हणायचे. निवडणुकीत एका उमेदवाराची रिक्षा तेच वाजवत फिरली. 'वाटी सांडली'नंतर गाणं थांबायचं, उमेदवाराचं नाव यायचं आणि मग पुन्हा गाणं. तो पडला. मालकांनी त्या दिवशी पेढे वाटले. त्यांनी स्वतः मत त्यालाच दिलं होतं, हे त्यांच्या बायकोने, काकींनी, मला मागाहून सांगितलं.

डीजे आले आणि कहर झाला. थांबायच्या जागी आता भोंगा, धूर, दिवे विझणं, सोळा सोळा मात्रा. आणि शेवटी फोनवरच्या रीळा. त्यात गाणं नाहीच! नटलेली पोरगी हात वर करून थांबते, "आगो बय!" म्हणते, संपलं.

"बग," मालक फोन माझ्या नाकाशी धरून म्हणाले. "गाना गेला. चूकच रायली."

मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य यायचं. "चुकीला पोरं झाली का ती रीत व्हते, बाय."

नुसतं घरी बोलून भागत असतं तर कोणाचं काय बिघडत होतं? पण सायकलवरून जाताना कुठेही मांडव दिसला की हे गृहस्थ उतरायचे. आमंत्रण असो नसो. पाटावर बसून व्यवस्थित जेवायचे, आणि हात धुतले की बँजोवाल्याकडे जाऊन सांगायचे, "तिथं थांबू नको." बँजो म्हणजे आपल्याकडचा, टाइपरायटरसारखी बटणं असतात तो. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातात प्लास्टिकची नखी धरून तारा छेडायच्या. हे सांगायचे, आणि वर हवेत बोटं नाचवून दाखवायचे. दोन ठिकाणी त्यांना बाहेर काढलं. एका ठिकाणी वेडा पाहुणा समजून आणखी दोन वडे बांधून दिले.

एकदा अंबरनाथला लोकगीतांवर व्याख्यान होतं. मालक मला आणि काकींना घेऊन गेले. व्याख्याते प्राध्यापक, बोलणं अगदी तुपातलं. 'पिवला चिखोल' लावून ते म्हणाले, "या दोन मात्रांच्या मौनात सासरी जाणाऱ्या लेकीचं सगळं दुःख साठलेलं आहे." बायकांनी डोळे पुसले. मीही पदर लावला, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात मालक उठले. "ओ साहेब, त्याच्यात काय नाय. ती चूक हाय!"

"आपण कोण?" प्राध्यापकांनी गोड विचारलं.

"बदलापूर," मालक एवढंच म्हणाले आणि खाली बसले. काकी शेजारी तोंडात पदर कोंबून हसत होत्या. माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा पाल चुकचुकली. या माणसाला ती चूक आहे हे इतकं छातीठोक कसं ठाऊक? आणि जगातला प्रत्येक नमुना आम्हाला ऐकवणारा माणूस ती पहिली, मूळची कॅसेट का ऐकवत नाही?

मी विचारलंही. "मशीन बिगरलाय," ते म्हणाले. फिटर माणूस, गल्लीभरचे मिक्सर दुरुस्त करणारा, आणि स्वतःचा टेपरेकॉर्डर बिघडलेला!

उत्तर मिळालं एका शुक्रवारी. लाईट गेली होती, मला सुट्टी होती, मालक सायकल घेऊन कुठे तरी दुसऱ्याच्या हळदीत चूक काढायला गेले होते. काकी आणि मी मागच्या दारी सुका जवळा निवडत बसलो होतो. मी म्हटलं, "काकी, काकांना त्या गाण्याचा एवढा राग का हो?"

काकींनी सूप खाली ठेवलं. "त्या कॅसेटीतला बँजो कोनाचा हाय, म्हाईत हाय तुना? यांचा."

मी जवळा विसरले.

"आनि 'आगो बय' वरडलेली बाय ती मी."

मग सगळं बाहेर आलं. काकींची आई धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात विधीची गाणी म्हणणारी बाई. उल्हासनगरचा एक सिंधी शेठ कॅसेटी विकायचा. त्याने दुकानामागच्या खोलीला गाद्या लावून रेकॉर्डिंगची सोय केली आणि म्हातारीला गायला बोलावलं. मागे सूर धरायला गावातल्या चार पोरी, त्यांत काकी. बँजोवर मालक, तेव्हा कोणाचेच मालक नव्हते, नुसते बावळट. गाणं रंगात आलं, आणि 'वाटी सांडली'पाशी यांच्या हातातली नखी पडली. बँजो थांबला, म्हणून ढोलकी थांबली. काकींच्या तोंडून आपसूक निघालं, "आगो बय!" यांनी नखी उचलली, गाणं पुढे गेलं. पुन्हा करू म्हणेपर्यंत लाईट गेली. शेठ म्हणाला, "साईं, चलने दो, इसमें तो जान है." आणि चाललं ते असं चाललं.

"पण नखी पडली कशी?"

"यांला इचार. रेकॉर्डिंगला आवाज येतो म्हनून पंखा बंद केलेला, घाम सुटला, नखी सटकली, असा सांगतान. माज्या आयशीला शपथ घेऊन सांगितला. सगल्या गावाला सांगितला." काकींनी सूप पुन्हा उचललं. "पंखा चालू व्हता."

"मग?"

"मग काय? मना बगत व्हता. ढोलकीवाला वाजवतो, आयस गाते, आनि यो मेला बगतो माज्याकरं. लगीन झाला, पोरगी झाली, तरी कबूल करत नाय. पंखा बंद व्हता म्हनतो."

त्या दिवसापासून मी मालकांकडे बघून हसू दाबायला लागले. त्यांच्या ते लक्षात आलं. नळ दुरुस्त करायला आले तेव्हा पाना हातात धरूनच म्हणाले, "तुना सांगितला का तिनं?" मी मान डोलावली. "पंखा बंद व्हता," ते म्हणाले आणि नळावर इतका जोर काढला की चार दिवस आम्हाला पाणीच आलं नाही.

पण त्यांची ती चीड नुसता वेडेपणा नव्हता, हे मला त्यांच्या मुलीचं लग्न ठरल्यावर कळलं. एकुलती एक पोर. हळद आपल्याच अंगणात. मालकांनी जाहीर केलं की डीजे येऊ दे, नाचा काय नाचायचं ते, पण 'पिवला चिखोल' मी वाजवणार, आणि न थांबता वाजवणार.

मी म्हटलं, "काका, तुमचं सगळं गोत त्या दिवशी नाचणार. राहू द्या ना."

ते हळू बोलले. "बाय, मी येकच गाना वाजवला आयुष्यात, जो लोकांनी ठेवला. आनि त्याच्यात मी परलो. जिकरं जावं तिकरं माजी फजिती वाजते, लोक नाचतात तिच्यावर. येकदा तरी सरल वाजवीन. माज्या पोरीच्या हलदीत. मंग काय व्हायचा तो होवो." मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

दोन महिने आमच्या खोल्यांवरच्या माळ्यावर सराव. उजव्या हाताची दोन बोटं कारखान्याने आखडून ठेवली होती, तरी तेल लावून, फडक्यात गुंडाळून, रोज. नखी तीन वेळा नवी कापली. मी खाली भाकरी थापताना ते गाणं ऐकायची, आणि सांगते, सरळ वाजलं की ते खरंच सुंदर होतं. पाण्यासारखं जायचं. फक्त 'वाटी सांडली'पाशी माझे हात आपोआप थांबायचे आणि भाकरी जाड व्हायची.

हळदीच्या संध्याकाळी अंगण गच्च भरलं. डीजेवाल्याला थांबवून मालक खुर्चीवर बसले. नवा सदरा, मांडीवर बँजो. ढोलकीवाल्याला दम दिला, "थांबलास तर पाहुनचार नाय." आणि सुरुवात केली.

काय वाजवलं म्हणून सांगू! पहिल्या ओळीला सगळं अंगण उठलं. पोरगी पाटावर बसल्या बसल्या खांदे हलवायला लागली. "करवली नटली, वाटी सांडली..." आणि सगळ्यांनी हात वर केले. सगळे थांबले. बँजो थांबला नाही. तो आपला एकटाच धावत पुढे गेला. काही जण दचकून पुन्हा नाचायला लागले, काही तसेच हात वर करून. बायकांचं "आगो..." झालं आणि "बय" घशातच राहिलं. कोणी कोणाच्या पायावर पाय दिला. "काका चुकले वाटतं," मागून कोणी तरी म्हणालं.

तेवढ्यात डीजेवाला माइकवर बोलला. पोरगं चांगलं होतं, मदतच करत होतं. "काका, इथं थांबायचं असतं. ओरिजिनल ऐका एकदा!"

अंगण खदखदून हसलं. मालकांचा चेहरा पडला, पण हात थांबला नाही. दुसरं कडवं धरलं. मला वाटत होतं, देवा, आता तरी लोकांनी त्यांना जाऊ द्यावं. काकी हळदीची मोठी वाटी घेऊन पाटाकडे निघाल्या होत्या. पुन्हा 'वाटी सांडली' आलं. पुन्हा अर्धे थांबले, अर्धे नाचत राहिले, एक जाडजूड आत्या मागे न बघता सरकली ती काकींवर आदळली, आणि वाटी खरोखर सांडली. सगळी. अंगणात, साड्यांवर, पाहुण्यांच्या बुटांत.

"आगो बय!" काकी ओरडल्या.

आणि बँजो थांबला.

मी मालकांकडेच बघत होते. त्यांची मान वर होती, डोळे काकींवर होते आणि उजवा हात रिकामा होता. नखी त्यांनी टाकली की पडली, ते मला आजही सांगता यायचं नाही. ढोलकीवालाही थांबला. दोन मात्रा गेल्या. मग सगळं अंगण एका दमात ओरडलं, असं की स्टेशनपर्यंत ऐकू गेलं असेल, आणि डीजेवाला माइकवर किंचाळला, "हां काका! आता बरोबर!"

लग्न दुसऱ्या दिवशी झालं, पोरगी सासरी गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण धुवायला काकींना मदत करत होते. वाळलेल्या हळदीत मला ती नखी सापडली. मी धुऊन मालकांना दिली. ते ओट्यावर बसले होते, दोन दिवस कोणाच्या चुकीबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. नखी त्यांनी खिशात ठेवली, घरात गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा एका हातात टेपरेकॉर्डर होता, दुसऱ्या हातात कॅसेट.

"बिघडलाय ना तो?" मी विचारलं.

"त्यो पोरगा बोलला ना, ओरिजिनल ऐका," मालक म्हणाले. आणि टेपरेकॉर्डर त्यांनी ओट्यावर नाही, काकी भांडी घासत होत्या तिथे मोरीच्या कठड्यावर नेऊन ठेवला. बटण दाबलं. मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

काकींच्या आईचा जाडाभरडा, मोकळा आवाज आला. बँजो आला, तरणा आणि जरा घाईचा. "करवली नटली, वाटी सांडली..." आणि सगळं थांबलं. त्या दोन मात्रांत, कुठलंच वाद्य वाजत नव्हतं तेव्हा, मागचा आवाज साफ ऐकू आला. घर्र, घर्र, घर्र. मग एका पोरीचा आवाज, हसू फुटता फुटता, "आगो बय!"

मालकांनी बटण बंद केलं. काकींचा हात राखेच्या भांड्यावर तसाच राहिला होता.

"पंखा चालू व्हता," मालक म्हणाले.

काकींनी वळून बघितलंच नाही. पदराच्या टोकाने डोळे पुसले, पुन्हा भांडं घासायला घेतलं आणि म्हणाल्या, "पोरगी सासरी गेल्यावर बोलतंस व्हय रं, मेल्या?"